दातमावशी आणि फुकटचं वायफाय

एके काळी त्या गल्लीत अशी कुजबुज होती की दातमावशी आपल्या गिऱ्हाइकांची नावं विकते.

कुजबुजीला पाय फुटतात हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. ही तर दातांची कुजबुज, तिला वर दातही फुटले. सकाळी सलूनमधून ती निघाली तेव्हा "नावं विकते म्हणे" एवढीच होती. दुपारी फ्रेमवाल्याच्या दुकानात तिला "अहो, पत्त्यांसकट" असं शेपूट लागलं. संध्याकाळी भाजीच्या गाडीपर्यंत पोचेस्तोवर मावशीने सगळ्या तोंडांचे साचे काचघराच्या हवाली केले होते आणि बदल्यात तिच्या सुनेला तिथे नोकरीही लागली होती. काचघर म्हणजे मोठ्या रस्त्यावरचं ते चकचकीत दंतकेंद्र. पुढून सगळी काच, आत सगळे दात, आणि शहरभर शाखा. खुद्द सून त्याच वेळी गाडीशी उभी राहून टोमॅटो निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, टोमॅटो पिशवीत टाकले, आणि "मी कुठल्या पदावर लागले तेवढं विचारून ठेवा, उद्या जायला बरं" असं म्हणून घरची वाट धरली.

आता ज्या बाईबद्दल हे बोललं जात होतं, ती कोण, हे आधी सांगायला हवं. नाहीतर गंमत कळायची नाही.

दातमावशी कवळ्या करायची. तरुणपणी ती एका दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत साचे धुवायला लागली, मग साचे भरायला, मग मेणात दात बसवायला. डॉक्टर माप पाठवायचे, मावशी तोंड परत पाठवायची. नवरा लवकर गेला, मुलगा जहाजावर चाकरीला लागला, तेव्हा तिने परवाना काढून गल्लीत स्वतःचं दुकान थाटलं. एका बाजूला दाजींचं सलून, दुसऱ्या बाजूला फ्रेमवाला. त्यामुळे गल्लीत लोक म्हणत, आधी दाजींकडे केस, मग मावशीकडे दात, आणि शेवटी फ्रेममध्ये.

दुकान दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत प्लास्टरच्या गोण्या, मेणाचा वास, खिडकीशी पॉलिशचं चाक, आणि दातांच्या रंगांची एक पट्टी. पांढऱ्याचे किती प्रकार असतात हे ती पट्टी बघितल्याशिवाय कोणाला पटायचं नाही. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून खुर्च्या, मध्ये पडदा. आणि फळीवर, उतरवलेले दात ठेवायला, छोट्या डब्या. डब्यांवर नावं नव्हती. लहान मुलांच्या वह्यांवर लावतात तशी चित्रं होती. कोणाचा पतंग, कोणाचा मासा, कोणाची छत्री. मावशी गिऱ्हाइकाला नाव विचारायचीच नाही. नवा माणूस आला की ती चित्रांचा कागद पुढे करायची आणि म्हणायची, "तुम्ही काय होणार, ते ठरवा." एका निवृत्त फौजदाराने बराच विचार करून ससा निवडला होता. ही गोष्ट मावशीने कधीच कोणाला सांगितली नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

तिचा दुसरा नियम असा, की दुकानाचा उंबरठा ओलांडला की ओळख संपली. कोणाच्या लग्नाच्या जेवणात शेजारच्या खुर्चीवरचा माणूस तिने स्वतः बसवलेल्या दातांनी कुरुमकुरुम खात असला, तरी मावशी आपल्या ताटात बघायची. त्याने ओळख दाखवली तर "आपण भेटलोय का कुठे?" गल्लीत बाकी कोणाच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. मावशीच्या तोंडात पोतंभर तीळ भिजत पडायचे. उगीच नाही लोक तीन-तीन बस बदलून तिच्याकडे यायचे. कवळी कोणीही करेल. कवळी करून विसरून जाणारी बाई मिळणं कठीण.

अडचण एकच होती, आणि ती होती बाहेरच्या खोलीत.

कवळी दुरुस्तीला आत गेली की मालक बाहेर बोळक्या तोंडाने बसायचा. तोंडावर रुमाल. बोलायची सोय नाही, कारण बोललं तर शब्दाऐवजी वाराच बाहेर येणार. आणि माणसाचं असं असतं, की बोलायचं नाही म्हटलं की त्याला जन्मभराचं साठलेलं आठवतं. दोन रुमालवाले समोरासमोर आले की आधी एकमेकांना ओळखायचे, मग ओळखलंच नाही असं दाखवायचे, मग छताकडे बघायचे. छतात बघण्यासारखं काही नव्हतं. जुनी मासिकं होती, पण त्यांतली शब्दकोडी सगळी सोडवून झालेली.

सुनेने त्यावर तोड काढली. सून एका जाहिरातींच्या कचेरीत कामाला होती. लोकांच्या फोनवर जाहिराती लावायच्या, असं ते काम. मावशी त्याचं वर्णन करायची, "माणसाला जे नको ते त्याला हवंसं वाटेपर्यंत दाखवायचं." सून म्हणायची, "आणि तुम्ही माणसाकडे जे नाही ते आहे असं दाखवता. आपलं दोघींचं एकच दुकान आहे, आई." मावशीला हे उत्तर इतकं आवडायचं की ती मुद्दाम पुन्हा पुन्हा टोमणा मारायची.

तर सुनेने दुकानात वायफाय आणलं. जोडलं की आधी दुकानाचं पान उघडायचं: गुलाबी हिरड्यांचं एक गोजिरं चित्र, खाली कामाच्या वेळा, आणि त्याखाली "मान्य आहे" असं बटण. काय मान्य आहे ते बारीक अक्षरात लिहिलं होतं, पण तोंडात दात नसलेला माणूस वाद घालायच्या मनःस्थितीत नसतो. सगळे मान्य करायचे. पासवर्ड मावशीने ठरवला: गप्पबसा. तो तिने पुठ्ठ्यावर लिहून खोलीत टांगला. एकात दोन कामं झाली. खोली शांत झाली. रुमाल तसेच, पण वर डोळे फोनमध्ये, आणि छताला विश्रांती.

आता साहेब आणि गाणेबाई.

साहेब बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले विधुर. एकटेपणावर उपाय म्हणून गाण्याच्या वर्गाला जायला लागले. वर्ग घेणाऱ्या गाणेबाई जन्मभर एकट्या राहिलेल्या. साहेबांचा सूर काही लागला नाही, पण लग्न लागलं. त्या वयात लग्न केलं म्हणून गल्लीने आठवडाभर तोंडाला पदर लावला आणि मग त्यांच्याकडे बघून स्वतःच खूश व्हायला लागली, कारण दोघं फार छान हसायचे. साहेब म्हणायचे, मी हिच्या हसण्यावर भुललो. बाई म्हणायच्या, यांच्या हसण्यात काही खोटं नाही.

साहेबांची वरची सगळी ओळ म्हणजे छत्री. बाईंच्या खालच्या दाढा म्हणजे किटली.

लग्नाआधी दोघांनी वेगवेगळं येऊन मावशीला सांगितलं होतं, त्यांना कळता कामा नये. साहेबांनी तर डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. मावशीने छत्रीला मंगळवार दिला आणि किटलीला शुक्रवार. दोघं एकमेकांच्या हसण्यावर भाळलेले, आणि ती दोन्ही हसणी एकाच चाकावर पॉलिश झालेली, हे जगात एका मावशीला माहीत होतं. तिला त्याचा मनातल्या मनात फार अभिमान होता. तो ती कोणाला सांगूच शकत नव्हती, हेच तिचं दुःख.

घरात दोघांत मिळून एक टॅब होता. मंगळवारी साहेब तो बगलेत मारून "वाचनालयात जाऊन येतो" म्हणत निघायचे. शुक्रवारी बाई तो पिशवीत घालून "मैत्रिणीकडे रियाज आहे" म्हणत निघायच्या. आणि एका संध्याकाळी दोघं सोफ्यावर बसून टॅबवर जुनी मैफल ऐकत असताना गाणं मध्येच थांबलं, आणि एका हसऱ्या म्हाताऱ्याने सफरचंदाचा कचकन चावा घेत विचारलं, "बोलताना तुमची कवळी हलते का?" खाली काचघराचा पत्ता.

साहेबांना खोकला आला. बाईंना एकाएकी दुधाची आठवण झाली. मैफल पुन्हा सुरू झाली तेव्हा ऐकायला सोफ्यावर कोणीच नव्हतं.

मंगळवारी साहेब आले ते डबीसुद्धा न मागता उभेच राहिले.

"मावशी, मी बँकेत लोकांच्या ठेवी सांभाळल्या. तुमच्याकडे मी माझी ठेव ठेवली होती."

"छत्रीची डबी फळीवर आहे," मावशी म्हणाली. "काढून देऊ?"

"ती नाही. गुपित. काचघराला कसं कळलं मी कवळी लावतो? माझ्या घरात, माझ्या बायकोच्या मांडीवर येऊन तो सफरचंदवाला मला विचारतो. परवा आला, काल आला, आज सकाळी बातम्यांच्या मध्येही आला. तिने अजून काही म्हटलं नाही. पण ती हुशार आहे, गप्प बसून बघतेय."

"साहेब, मला तुमचं नावही माहीत नाही."

"गल्ली बोलते ते मग उगीचच बोलते?" असं म्हणून ते निघून गेले. जाताना नेहमीसारखे हसले नाहीत. मावशीला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. तिचं सगळ्यात चांगलं काम होतं ते.

शुक्रवारी बाई आल्या. त्या ओरडल्या नाहीत. गाणारी माणसं रागावली की आवाज खाली नेतात.

"मावशी, तुम्हाला पैशांची एवढी नड होती तर मला सांगायचं. मी दिले असते."

"बाई, कसली नड?"

"यांनी पाहिली ती जाहिरात. बघून खोकले. यांना खोटं बोलता येत नाही हो, त्यांना खोकला येतो. त्यांना कळलंय आणि मी दुखावू नये म्हणून ते बोलत नाहीयेत. रोज रात्री आतल्या आत घाबरून झोपते मी." बाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. "तुम्ही कोणाला सांगितलंत ते तेवढं सांगा."

मावशीच्या जिभेवर उत्तर तयार होतं. दोन वाक्यांचं. तुमच्या साहेबांनाही आहे, आणि त्यांचा खोकला वेगळ्याच कारणाचा आहे. तेवढं बोलली असती तर बाईंची झोप परत आली असती आणि मावशीचं नावही. तिने दोन्ही वाक्यं गिळली आणि म्हणाली, "मी कोणाला सांगितलं नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. विश्वास नसताना माणसं म्हणतात तसं.

त्या संध्याकाळी जेवताना मावशीने सुनेला विचारलं, "अगं, तुझ्या धंद्यात हे असं होतं का? मी काही न सांगता?" आणि नावं न घेता छत्री-किटलीची हकिगत सांगितली. सुनेचा घास तोंडाशी थांबला.

"आई, आपल्या वायफायचं पान आहे ना, त्यात मी एक ठिपका ठेवला होता."

"मला कधी दिसला नाही."

"दिसत नाही म्हणूनच तो कामाचा. जाहिरातींची मोठी कंपनी तो फुकट देते. कोणी पान उघडलं की तो कंपनीला कळवतो, हा फोन इथे येऊन गेला. नाव नाही, गाव नाही. एवढंच, की याला कवळीत रस आहे."

"त्यांना रस नसतो ग. नाइलाज असतो."

"ठिपक्याला तेवढं कळत नाही. मी ठेवला होता ते आपलं बरं व्हावं म्हणून. येऊन गेलेल्यांना पुन्हा आपलीच जाहिरात दिसावी, म्हणजे डागडुजीला ते इथेच येतील."

"मग दिसायला मी हवी होते. सफरचंदवाला कसा आला?"

सुनेने पाण्याचा पेला इकडचा तिकडे सरकवला. "कंपनी सगळीकडचे फोन एका पोत्यात घालते. कवळीवाल्यांचं पोतं. मग लिलाव. ज्याची बोली मोठी, त्याची जाहिरात. काचघरापुढे आपली बोली ती काय."

मावशी थोडा वेळ चावत राहिली. तिचे दात तिचे स्वतःचे होते, हे इथे सांगून टाकलेलं बरं.

"लिलाव पुकारतं कोण?"

"कंपनी."

"बोली लावायला लागणारं साधन कोणाचं?"

"ते दोन्ही बाजूंना कंपनीच देते."

"आणि जाहिरात जिथे दिसते ती जागा?"

"बरीचशी कंपनीचीच."

"म्हणजे वादी तो, वकील तो, आणि निकाल देणाराही तोच. आणि माझ्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला हाक मारायचा हक्क माझ्याच दुकानातून उचलून समोरच्याला विकला. वर मला कौतुकाने सांगितलं, की ठिपका फुकट आहे."

"यावरून मोठमोठे खटले चालू आहेत, आई."

"चालू देत. आपली कवळी तोवर कोण शिवणार?" रागावली की मावशीची क्रियापदं सैल व्हायची.

सुनेने त्याच बैठकीत ठिपका काढून टाकला. मग म्हणाली, "उद्या दाराला पाटी लावू. जाहिराती वायफायमुळे आल्या, मावशीने कोणाला काही सांगितलं नाही. तुमच्यावरचा आळ जाईल."

"आणि पाटी वाचून छत्रीच्या घरात काय होईल? टॅब त्या दुकानात नेला कोणी, हा एकच प्रश्न उरेल. जो आधी विचारेल तो दुसऱ्याला पकडेल आणि उत्तर देता देता स्वतःही पकडला जाईल. तीच गत फौज... तीच गत सशाची. त्याची नातवंडं त्याला काय म्हणतील? माझं नाव धुवायला मी त्यांच्या घरचं पाणी काढू?"

"पण खरं तेच आहे ना."

"खरं आहे म्हणून तर सांगता येत नाही."

तेव्हा पाटी लागली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण त्या दिवसांत मुठीबरोबर दुकानही झाकायची वेळ आली. पतंग गेला, मासा गेला. कोणी फोनवर "दातमावशी" असं लिहून वाट शोधायला लागलं, तर सगळ्यात वर काचघर यायचं. मावशीच्या नावावरही त्यांनी बोली लावून ठेवली होती. मावशी स्वतःच्या नावाखाली तिसरी. सून म्हणाली, आपणही आपल्या नावावर बोली लावू शकतो. मावशी म्हणाली, "माझ्या आईबापांनी हे नाव ठेवलं नाही, गल्लीने ठेवलंय. पण म्हणून ते मी विकत घ्यायचं?" आणि रिकाम्या खोलीतल्या खुर्च्या पुसत बसली.

गंमत म्हणजे काचघराला गेलेल्यांतला मासा आठवड्याभरात परत आला. तिथे गार हवा, मऊ सोफे, सगळं झकास. पण नंबर आला की भिंतीतल्या भोंग्यातून पूर्ण नाव, आडनाव आणि "वरची-खालची दोन्ही" असा पुकारा व्हायचा. माशाच्या शेजारी त्याचे व्याही बसले होते. मासा बिचारा सोफ्यावरून उठलाच नाही. भोंगा तीनदा ओरडला तेव्हा मासाही इकडेतिकडे बघून म्हणाला, कोण बुवा हे, उठत का नाहीत?

पण एका माशाने तळं भरत नाही. मावशीला छत्री आणि किटलीच्या डब्या दिसायच्या, आणि ते दोघं एका सोफ्यावर बसून एकमेकांना घाबरताहेत हे डोळ्यांपुढे यायचं. शेवटी एका सकाळी तिने हात पुसले आणि ती कुजबुजीच्या उगमाकडे, म्हणजे दाजींच्या सलूनमध्ये गेली. भिंतीला भिंत लागून असूनही तिने तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं. आत वाट बघणाऱ्यांचा बाक भरलेला. खुर्चीवर एक गिऱ्हाईक तोंडभर फेस घेऊन बसलेलं. तिला बघताच त्या फेसाने डोळे मिटले. मावशीने ओळख दाखवली नाही. दुकानाचा उंबरठा ओलांडला होता ना.

"या, या," दाजी वस्तरा हातात धरून म्हणाले. "विक्री कशी काय?"

"दाजी, मी नावं विकते असं तुम्ही म्हणालात?"

"म्हणालो. आणि पुरावा आहे म्हणून म्हणालो." दाजींनी खिशातून फोन काढला आणि बाकासमोर धरला. सफरचंदवाला हसत होता. "ही बघा. 'तुमची कवळी सैल झाली आहे का?' मला विचारतोय. मला. माझी बायको हसून हसून लोळली. म्हणते, रात्री काढून ठेवता का, मला कधी दिसली नाही ती."

"पण तुम्ही माझ्याकडे दातांसाठी कधी आलाच नाहीत."

"तेच तर. माझे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत." त्यांनी आ करून सगळ्या बाकाला दाखवलं. "तरी माझंही नाव विकलंत. मग ज्यांचे नाहीत त्यांचं काय केलं असेल?"

मावशीने सवयीने आत डोकावून बघितलं. "डावीकडच्या शेवटच्या दाढेला कीड लागलीय. दाखवून घ्या." मग तिची नजर दाजींच्या खांद्यावरून मागे आरशावर गेली, आणि तिथेच थांबली.

आरशाच्या कोपऱ्यात लाल रंगाने सुबक अक्षरांत लिहिलं होतं: गिऱ्हाइकांसाठी इंटरनेट मोफत. पासवर्ड गप्पबसा.

"दाजी, हे गप्पबसा कोणाचं?"

दाजींनी आरशाकडे अशा नजरेने बघितलं, की जणू तो आजच कोणीतरी आणून लावला होता. "ते... मागे तुमच्याकडे शिडी मागायला आलो होतो. पुठ्ठा दिसला. भिंतीपलीकडून इतकं छान येतं हो ते. म्हटलं, वाया जातंय."

"कधीपासून?"

"शिडीपासून."

बाकावरचा एकजण फिसकन हसला. मावशी मात्र हसली नाही. तिच्या डोक्यात एक चाक फिरायला लागलं होतं, पॉलिशच्या चाकासारखं, आधी हळू.

"मग सगळ्यांनी ऐका," ती म्हणाली. "माझ्या वायफायच्या पानावर जाहिरात कंपनीचा एक ठिपका होता. माझ्याच घरातून लागला होता, चूक आमची. जो वायफाय जोडेल त्याला तो कवळीवाला समजायचा. तो आता काढलाय. पण माझ्या खोलीत बसतात चारदोन माणसं. दाजींच्या बाकावर अख्खी गल्ली बसते. दाजींनी अख्ख्या गल्लीला कवळी लावली, आणि वर मलाच विचारतात, विक्री कशी काय."

"चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच," बाकावरून कोणीतरी म्हणालं. एकदम तीन-चार फोन बाहेर निघाले. "तरीच जोडलं की गुलाबी हिरड्या यायच्या, मी साबणाची जाहिरात समजून बटण दाबायचो." "मलाही आली होती." "मी म्हटलं, बायको काही बोलली की काय माझ्याबद्दल." "माझा पोरगा बारा वर्षांचा, त्यालाही सफरचंदवाला येतो."

फेसातून आवाज आला. "म्हणजे इथे बसून कोणी टॅब लावला असेल, तर त्या टॅबवरही जाहिरात येणार?"

"कोण बोललं ते मी बघितलं नाही," मावशी छताकडे बघत म्हणाली. "पण हो. तो टॅब कोणाचाही असो, दात कोणाचेही असोत."

दाजी ओल्या फडक्याने आरसा पुसायला निघाले. मावशीने त्यांचा हात धरला. "पुसायचं नाही. उलट आणखी मोठं लिहा. आणि आजवर जसं ते कानात सांगितलंत, तसंच आता हे सांगा. जितक्या जणांना ते सांगितलंत, तितक्याच जणांना."

"एवढ्यांना?" दाजी खरोखर दमल्यासारखे दिसले.

फेसातल्या माणसाने दाढी संपवली, पैसे दिले आणि तरातरा घरी गेला. खरं तर त्याने टॅब या सलूनमध्ये कधी आणलाच नव्हता. तेव्हा अर्ध्या तासात तो टॅब बगलेत मारून परत आला, गुळगुळीत दाढीनिशी बाकावर बसला, मुद्दाम सगळ्यांदेखत गप्पबसा जोडलं, आणि दोन-तीन बातम्या मोठ्याने वाचून उठला. दाजींनी विचारलं, "साहेब, पुन्हा?" साहेब म्हणाले, "इथे बातम्या बऱ्या वाटतात."

घरी साहेबांनी बायकोला काय सांगितलं ते घराबाहेर कसं आलं, हे विचारू नये. गल्लीतल्या भिंती पातळ आहेत. साहेब म्हणाले, "अगं, तो सफरचंदवाला आहे ना, तो दाजींच्या सलूनमधून मागे लागलाय. अख्ख्या गल्लीच्या मागे लागलाय."

बाईंच्या हातातला चमचा खाली पडला. "सलूनमधून? नक्की?"

"आरशावर लिहिलंय. मी टॅब तिथे नेतो ना बातम्या वाचायला."

"मला वाटलंच," बाई म्हणाल्या. "आपल्या घरात कोणाला आलीय कवळी."

"तेच म्हणतो मी."

दोघं इतके हसले की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं. फक्त हसताना दोघांनीही जबडा बेताने उघडला.

पुढच्या मंगळवारी साहेब आले, डबीतली छत्री लावली, आणि आरशात बघून म्हणाले, "मावशी, मी जरा जास्त बोललो त्या दिवशी. आमच्या घरी मिटलं बरं का. बायको भोळी आहे हो माझी. काहीही सांगा, पटतं तिला."

शुक्रवारी बाई आल्या. त्यांनी मावशीचा हात हातात घेतला. "मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. आणि हे बघा कसे, स्वतःच येऊन मला सलूनची गोष्ट सांगितली. एका अर्थी बरंच झालं. फार सरळ आहेत हो ते, त्यांच्या डोक्यात दुसरं काही येतच नाही."

"चावून बघा," मावशी म्हणाली, आणि निळा कागद पुढे केला. बाईंनी चावलं. मावशीने ठसा उजेडात धरून बघितला, एक दाढ किंचित घासली, आणि चाक मुद्दाम जरा जास्तच वेळ चालू ठेवलं. चाकाच्या आवाजात हसलेलं ऐकू येत नाही.

हळूहळू पतंगही परतला. फोनवर मावशीचं नाव लिहिलं तर अजूनही वर काचघरच येतं. मावशी त्याच्याकडे बघत नाही. तिच्याकडे येणारे अजूनही वाट तोंडी विचारतात, आणि तीही भलत्याच दुकानाची विचारतात, म्हणजे कोणाला संशय यायला नको. फ्रेमवाल्याकडे फ्रेम न घेता वाट विचारणारे पुष्कळ वाढलेत. वायफायच्या पानावर आता गुलाबी चित्र आहे, वेळा आहेत, बटण नाही. सून अजून त्याच कचेरीत आहे. मावशी अजून तोच टोमणा मारते.

राहता राहिली ती कुजबुज. मावशीने कोणाचंच नाव विकलं नाही. तिच्याकडे नावं नव्हतीच. सुनेने दुकानाच्या पानावर एका कंपनीचा फुकटचा ठिपका लावला होता, पान उघडणारा प्रत्येक फोन त्याने कंपनीला कळवला, आणि त्या फोनांवर जाहिरात दाखवायची जागा कंपनीने काचघराला विकली. त्यातलं मावशीला काही मिळालं नाही.